श्रीपादरावांचे सोळा जीबी

आमचे घरमालक श्रीपादराव रोज सकाळी नऊ वाजता कॉम्प्युटरशी भांडत. कॉम्प्युटरवर चिडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, माझा नवरा त्यातलाच. पण ती बसल्या जागी चिडतात, माऊस आपटतात आणि चहा प्यायला उठतात. श्रीपादराव खुर्ची मागे सारून उभे राहत, पडद्यावर बोट रोखत आणि त्याची खणखणीत हजेरी घेत. आवाज सरळ जिन्यावरून आमच्या स्वयंपाकघरात येई.

"काय कमी केलं तुला? वीज देतो. पंखा देतो. माझ्या अंगावर नाही, तुझ्या अंगावर पंखा आहे. तरी तुझं बेकु बेकु संपत नाही. साकु म्हणून शब्द ऐकला आहेस कधी?"

बेकु म्हणजे हवं आणि साकु म्हणजे पुरे. म्हैसूरला आल्यावर कन्नडमधले हे दोन शब्द मी सगळ्यात आधी शिकले, तेही श्रीपादरावांच्या मराठीतून. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. घरात मराठी बोलतात, पण वाक्य मराठीत निघून मध्येच कन्नडात शिरतं आणि क्रियापदाला परत घरी येतं. आम्ही साताऱ्याचे. नवऱ्याचं ऑफिस हिनकलच्या बाजूला, मी घरूनच काम करते, म्हणून विजयनगर भागातला हा वरचा मजला घेतला. पहिल्या दिवशी माझं बोलणं ऐकून घेऊन श्रीपादराव म्हणाले होते की तुमचं मराठी चांगलं आहे, पण त्यात स्वल्प मीठ कमी आहे. तेव्हाच मला राग आला होता. तो पुढे वाढतच गेला.

एकदा सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं. तुम्ही कॉम्प्युटरवाल्या, तेव्हा तुम्हीच ह्याला समज द्या, असं त्यांचं म्हणणं. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं याचं माझं ज्ञान बेताचंच. पण इतकं तरी कळलं, की मशीनमध्ये चार जीबी मेमरी आहे आणि श्रीपादरावांचा संसार त्यात मावत नाही. पंचांग उघडं, दोन वर्तमानपत्रं उघडी, बँक उघडी, कबिनी धरणाची पाणीपातळी उघडी, कारण नोकरीची सारी वर्षं त्यांनी पाटबंधारे खात्यात, धरणाजवळच्या एच. डी. कोटे गावी, नकाशे काढले होते.

मी त्यांना समजावलं. डिस्क म्हणजे फडताळ, त्यात कितीही भरा. मेमरी म्हणजे ओटा. जे हाताशी चाललंय ते ओट्यावर लागतं. ओटा लहान असला की खोळंबा होतो.

श्रीपादराव खवळले. ओटा लहान असेल तर भांडी आवरावीत, ओटा मोठा मागू नये, असं त्यांनी मला सुनावलं. अख्खा कालवा आपल्या एका टेबलावर मावत असे आणि ह्याला चार पानं मावत नाहीत, ही काय रीत झाली?

मग आवरा, असं म्हणून मी एकेक खिडकी बंद करायला लागले. खाली दडवून ठेवलेली एक व्हिडिओची खिडकी होती. ती सगळ्यात जास्त मेमरी खात होती. तिच्यावर जाते न जाते तोच श्रीपादरावांनी माऊसवर हात ठेवला.

"तेवढं राहू दे."

मी म्हटलं, तीच तर सगळं खाते आहे. ते म्हणाले, खाऊ दे. म्हणजे मला कामातून उठवून बोलावायचं, सल्ला मागायचा आणि दिला की हात आडवा घालायचा. मी तरातरा वर निघून गेले.

पण ते गप्प बसणारे नव्हते. स्वतःच बाजारात जाऊन त्यांनी मेमरीच्या दोन पट्ट्या आणल्या. दुकानदार म्हणाला होता की मशीन घेऊन या, बघून देतो. मशीन हलणार नाही, असं यांनी बाणेदारपणे सांगितलं. परिणाम व्हायचा तोच झाला. पट्टीची खाच एका ठिकाणी आणि बोर्डावरचा उंचवटा दुसऱ्या ठिकाणी. नवीन जातीची पट्टी जुन्या बोर्डात बसत नाही, हे मी दाखवून दिलं, तर अर्ध्या बोटाच्या फरकावरून माणसाला घरी पाठवणारं हे कुठलं शास्त्र, असं ते मलाच विचारायला लागले. जणू ती खाच मी पाडली होती.

शेवटी मीच मशीनचा आतला फोटो काढला आणि त्यांच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदार सभ्य माणूस. त्याने फोटो बघून सांगितलं की या बोर्डाला दोनच जागा आहेत, प्रत्येकीत फार तर आठ. सोळाच्या पुढे हा बोर्ड ओळखत नाही. आणि घरच्या वापराला आठ भरपूर झाले. मीही तेच म्हटलं.

श्रीपादरावांना आठ पुरतात याचा आनंद झाला नाही, सोळाच्या पुढे जात नाही याचा संताप आला. चारात भागत नाही म्हणून रोज अडून बसतो आणि त्यालाच सोळाच्या वर दिलेलं ओळखत नाही? मग माणसानं करायचं तरी काय? दुकानात बाकीची गिऱ्हाइकं वळून बघत होती आणि मी पंख्याकडे बघत होते.

"दोन्ही आठ आठच्या द्या," ते म्हणाले. "ह्याची जेवढी ऐपत आहे तेवढं सगळं घालतो. मग बघतो काय बोलतो ते."

पट्ट्या बसवायच्या तर मशीन बंद करायला हवं. ते दुपारच्या वेळीच बंद होईल, सकाळी मुळीच नाही, अशी त्यांची अट. कारण विचारलं तर म्हणे, त्या वेळी बरं पडतं. माझी नेमकी तेव्हा मीटिंग. ती पुढे ढकलून, चार जणांची बोलणी खाऊन मी खाली गेले. धूळ झटकली, जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या बसवल्या आणि मशीन सुरू केलं. सोळा दिसले.

श्रीपादरावांनी सगळं उघडलं. पंचांग, वर्तमानपत्रं, बँक, धरण. काही अडलं नाही. अजून काही उघडलं, तेही चाललं. समोरचा पैलवान आखाड्यात आलाच नाही म्हणजे एखाद्याचं तोंड जसं होईल, तसं त्यांचं झालं. आभार तर राहोतच, बरं झालं असंही ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता आमच्या स्वयंपाकघरात शांतता होती. त्याच्या पुढच्या दिवशीही. चला, एवढ्या खटपटीचं चीज झालं, असं मला वाटलं. आणि त्याच्या पुढच्या दिवशी श्रीपादराव जिना चढून दारात उभे. हातात त्या जुन्या पट्ट्या.

"ह्या परत घाला," ते म्हणाले.

मग मात्र माझा तोल सुटला. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण साताऱ्याला ऐकू गेलं असावं. माझा वेळ फुकटचा आहे का, दुकानात माझी शोभा केलीत ती पुरली नाही का, आणि मशीन आता नीट चालत असताना बिघडवायचं कशाला, ते मशीनसमोर उभं राहून दाखवा, म्हणून मी त्यांच्या पुढे जिना उतरले.

खालच्या खोलीत ती व्हिडिओची खिडकी या वेळी पडद्यावर सबंध उघडी होती. तीत एक म्हातारी उशांना टेकवून बसवलेली. चेहऱ्याची एक बाजू ओघळलेली, डोळे भिंतीकडे. शेजारी चाळिशीतली एक बाई वाटी-चमचा घेऊन बसली होती.

"मामा, आजपण काही नाही," ती म्हणाली. "दोन चमचे घेतले, तेही बाहेर काढले."

ती म्हातारी म्हणजे श्रीपादरावांची थोरली बहीण, तुंगाक्का. धारवाडला मुलाकडे असते. वाटी घेऊन बसलेली तिची सून, सुमा. अर्धांगाच्या झटक्यानंतर आक्काचं बोलणं गेलं. हे सगळं श्रीपादरावांनी मला कॅमेऱ्याकडे पाठ करून, हळू आवाजात सांगितलं. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"लहानपणी मी चिडलो की ती हसायची. ती हसली की मी आणखी चिडायचो. सकाळी नऊला तिला खायला बसवतात. मी ओरडलो की हसते. हसली की तोंड उघडतं, तेवढ्यात सुमा घास घालते."

मी विचारलं, मग एवढी मेमरी कशाला घातली? ते म्हणाले, भांडता भांडता मशीन अडायचं आणि तिकडे आपण तोंड उघडं ठेवून थिजलेले दिसायचो. मग आक्का घाबरायची. तिला वाटायचं, ह्यालाही झटका आला. म्हणून घातली. आता अडत नाही, तर चिडायला काही उरलं नाही.

"खोटं चिडा की," मी म्हटलं.

"बघितलं चिडून. तिला कळतं, अम्मा. जन्मापासून बघते आहे मला."

सुमाने वाटी खाली ठेवली. आक्का भिंतीकडेच बघत होती. तिथे उभं राहून कळवळण्याचा काही उपयोग नव्हता, आणि माझा राग तर अजून पुरता गेलाही नव्हता. मी कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.

"गच्चीवरच्या दोरीचं काय ते आज सांगा," मी म्हटलं. "अख्ख्या दोरीवर तुमचा एक पंचा. तोही मधोमध. इकडे माझी चादर मावत नाही, तिकडे मावत नाही. घर तुमचं आहे, वारा पण तुमचाच आहे का?"

श्रीपादराव माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पंचा मधेच वाळतो," ते म्हणाले. "कडेला सावली येते. हे सातारच्या माणसाला कोण सांगणार?"

सावली शेवग्याची येते आणि शेवगा तुम्ही लावला, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी खुर्ची मागे सारली. शेवग्याच्या शेंगा कोण नेतं, चादरी आठवड्यातून किती वेळा धुवायच्या असतात, आणि साबणाचं पाणी कोणाच्या तुळशीत पडतं, हे सगळं निघालं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मीही कमी केलं नाही. मला तर रडायलाच यायला लागलं होतं, पण तुळशीच्या मुद्द्यावर मी मागे हटणार नव्हते.

पडद्यावर आक्काची मान सावकाश आमच्याकडे वळली. चांगली होती त्या बाजूचा ओठ हलला, मग वर गेला. सुमाने घाईने वाटी उचलली. एक घास गेला. आम्ही भांडत राहिलो. आणखी एक गेला.

थोड्या वेळाने आक्काने हात जरासा उचलून माझ्या दिशेने बोट केलं. सुमा म्हणाली, "मामा, आक्का विचारतात, ह्या कोण?"

"वर राहते," श्रीपादराव म्हणाले. "फार भांडखोर बाई आहे." आणि त्यांनी मागे सारलेली आपली खुर्ची माझ्यासाठी पुढे ओढली.