दस्तगीरमामांचा हात

मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाला एक पाणपोई आहे. स्टीलची टाकी, दोन नळ, फळीवर चार पेले आणि वर पाटी : 'पाणी प्या. पेला जाग्यावर ठेवा.' त्या पाटीवरच्या 'पेला' शब्दातून एक वाकडा ओरखडा गेला आहे. पाणी प्यायला थांबलेले लोक म्हणतात, कुणा पोरानं खिळ्यानं ओढलं असेल. कुणा पोराचं ते काम नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणाऱ्या माणसाचं आहे, म्हणजे माझं. ओरखडा पडला तेव्हा ड्रिल मशीन मात्र माझ्या हातात नव्हतं. ते आमच्या गल्लीतल्या दस्तगीरमामांच्या हातात होतं.

मामांची ओळख त्यांच्या लोहचुंबकापासून करून द्यायला हवी. जुन्या स्पीकरमधून काढलेलं हे चुंबक त्यांच्या शर्टाच्या खिशात असे आणि पडू नये म्हणून दोऱ्यानं गुंडीला बांधलेलं असे. स्टील दिसलं की मामा चुंबक लावून बघत. लग्नात आहेर आलेली पातेली, बँकेचा कठडा, बसथांब्यावरचं बाकडं, काही सुटत नसे. चिकटलं नाही तर "खरं हाय" म्हणायचे. चिकटलं तर मोठ्यानं "चिकाटलं!" म्हणायचे, आणि ज्याची वस्तू असेल त्याचं तोंड उतरायचं. माणसाची जात त्यांनी कधी कुणाला विचारली नाही. स्टीलची विचारल्याशिवाय सोडली नाही.

आमच्या वास्तुशांतीला मी पाहुण्यांना जिन्याचं रेलिंग दाखवत होतो. तीन ठिकाणी दर काढून, घासाघीस करून घेतलेलं. "अस्सल स्टेनलेस," मी म्हणत होतो. मामा श्रीखंडाची वाटी घेऊन जिन्यापाशी आले आणि त्यांनी चुंबक लावलं. टक्. माहेरी आल्यासारखं ते रेलिंगला बिलगलं.

"दोन पावसाळं," मामा सगळ्यांसमोर म्हणाले. "मग तांबेरतंय बगा."

"अहो मामा, हे तर कंपनीत खरेदीतच आहेत की," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"व्हय की. म्हनून तर जास्त बोलंना मी," असं म्हणून मामांनी श्रीखंडाचा चमचा तोंडात घातला.

त्यात मामा चुकले. रेलिंग एकाच पावसाळ्यात तांबेरलं. त्या दिवसापासून मी मात्र आख्ख्या गल्लीचा 'खरेदीसाहेब' झालो.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे. वीस वर्षांत ड्रिल बिटं हजारोंनी मागवली. कोणतं बिट कशाचं, कुठलं कोटिंग, किती टिकतं, सगळं मला कॅटलॉगसकट पाठ. पण स्वतःच्या हातानं एकही भोक पाडलेलं नव्हतं. घरात काही बिघडलं की सुनंदा माझ्याकडे न बघताच म्हणायची, "मामांना विचारा की." कुकरची मूठ निघाली, मामा. खिडकीचा अडसर बसेना, मामा. मला वाटायचं, मामांचा आवाजच फार मोठा आहे, त्यांच्याकडचा चहा फार गोड असतो, म्हणून ते आपल्याला आवडत नाहीत. हेवा हा शब्द मी मनातसुद्धा उच्चारत नव्हतो.

मामांच्या घराखाली शटरचं गॅरेज आहे. मोटारीसाठी बांधलं, मोटार कधी आली नाही. फौंड्रीतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर मामाच तिथे पार्क झाले. आडनाव शिकलगार. आजोबा तलवारींना धार लावायचे, वडील सुऱ्या-कात्र्यांना, आणि मामा ड्रिल बिटांना. गॅरेजात एक सागवानी ठोकळा होता. त्यात ओळीनं भोकं, प्रत्येक भोकात एकेक बिट, आणि खाली मामींनी नेलपॉलिशनं घातलेले आकडे. बिट मागायला गेलात तर मामा आधी तीन प्रश्न विचारणार : "कशाला पायजे? जाडी किती? उलट्या बाजूला काय हाय?" तिसऱ्या प्रश्नाला अडखळलात तर बिट नाही. भिंतीच्या पलीकडे नळाचा पाइप आहे की वायर, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं भोक पाडू नये, असं त्यांचं म्हणणं. आणि परत आणलेलं बिट नखावर फिरवून बघितल्याशिवाय ठोकळ्यात जात नसे.

स्टेनलेसबद्दल त्यांचा एक पाठ ठरलेला होता. "ह्येला घासू ने. घासलं की रागावतंय. रागावलं की कडक हुतंय, मग कुनाचं ऐकत न्हाय. हळू फिरवायचं, तेल सोडायचं, जोर लावायचा आनि कापत जायाचं."

मामी गेल्या. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एका रविवारी मामा माझ्या दारात उभे राहिले.

"साहेब, त्ये टोकाला पायरी असल्यालं बिट येतंय न्हवं? त्ये मिळंल काय तुमच्याकडं?"

मला आश्चर्य वाटलं. या बिटाच्या शेंड्याला आधी एक बारीक टोक असतं, मग पायरी, मग पूर्ण जाडी. बारीक टोक धातूत घर करतं, मागून बाकीचं बिट जातं. त्यामुळे ते सरकत नाही आणि आधी पंच मारून खूण करावी लागत नाही. पण त्या पायरीला घरच्या ग्राइंडरवर धार लावता येत नाही, म्हणून मामा त्याच्यावर थुंकायचे. "ज्येला माज्या हातानं धार लागत न्हाय, त्ये हत्यार माजं न्हवं," हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं.

"आज कसं काय, मामा?"

"असंच. नवीन काय निघालंय, बगावं म्हनलं."

मी तीन नमुने आणले. आयुष्यात पहिल्यांदा त्या गॅरेजात माझ्या शब्दाला किंमत येणार होती. पहिलं बिट सोनेरी. मामांनी त्यावर नख ओढलं. "ह्यो नुसता रंग हाय. नवरदेवाला लावा." दुसऱ्याचा दांडा गोल. "ह्ये मशीनमदी जागच्या जागी फिरनार, आनि मशीन म्हननार मी काम केलं." तिसरं मळकट करडं, कोबाल्ट घातलेल्या कडक, महागड्या पोलादाचं, दांड्याला तीन बाजूंनी सपाट केलेलं. मामांनी चहाचा स्टीलचा पेला आडवा धरला, त्याच्या गोल पाठीवर बिटाचं टोक टेकवून बोटांनी हळूच फिरवलं. ते बसलं. जरासुद्धा सरकलं नाही.

"साहेब, ह्ये झ्याक आनलंसा," मामा म्हणाले.

चार दिवस मी तरंगत होतो. मग गल्ली बोलायला लागली. गोल पाइपवर भोक, एका झटक्यात, खूण न करता! "मामांचा हात बघा, या वयात!" सुनंदासुद्धा म्हणाली, "हात असावा तर असा." मी जेवता जेवता म्हणालो, "अगं, ते बिटामुळे. बिट मी निवडलं." ती म्हणाली, "बरं. भाकरी वाढू?"

भोक माझ्या बिटाचं आणि कौतुक त्यांच्या हाताचं. हे माझ्या मनात खिळ्यासारखं बसलं.

पुढे मामा चार दिवस लेकीकडे आजऱ्याला गेले. त्यांच्या मांजराला दूध घालायला गॅरेजची किल्ली माझ्याकडे होती. त्याच वेळी सुनंदानं झारे-पळ्या अडकवायला स्टीलची पट्टी आणली. तिला भोकं हवी होती. "राहू दे," ती म्हणाली, "मामा आले की करून घेऊ."

दूध घालायला गेलो आणि ठोकळ्यातून पायरीचं बिट घेतलं. मशीनही घेतलं. घरी पट्टी टेबलावर दाबून धरली आणि मशीन फुल वेगात सोडलं. तेल वगैरे काही नाही. किंकाळीसारखा आवाज झाला, धूर निघाला. मी जोर लावायचा सोडून नुसता घासत राहिलो. पट्टीवर एक काळा डाग पडला, भोक पडलं नाही. बिटाचं बारीक टोक तापून निळं आणि झिजून बोथट झालं होतं. ते निळं मी पॉलिश पेपरनं पुसून काढलं. मग बिट नेऊन त्याच्या भोकात, नेलपॉलिशच्या आकड्याच्या वर, नीट ठेवलं. सगळ्यात जास्त लाज मला या पुसण्याची वाटते.

मामा आजऱ्याहून आले ते पाणपोईचं काम घेऊनच. मामी हयातभर दारात पाण्याचा माठ ठेवायच्या आणि खिडकीतून ओरडायच्या, "पानी प्या! प्येला जाग्यावर ठेवा!" तेच वाक्य मामांनी शुद्ध करून स्टीलच्या पाटीवर कोरून घेतलं होतं. गल्ली जमली, मीही होतो. स्क्रूची भोकं पाडायला त्यांनी पाटी टेबलावर ठेवली, ठोकळ्यातून बिट उचललं आणि मशीनला लावलं. नखावर फिरवलं नाही. आपल्या हातानं जागेवर ठेवलेल्या हत्याराची कोण परीक्षा घेतो?

बिट टेकलं, फिरलं आणि सरकलं. 'पेला' शब्दातून कर्रकन ओरखडा ओढत गेलं.

मामांनी मशीन बंद केलं, उजवा हात डोळ्यांसमोर धरला. "हात गेला," ते म्हणाले. पाटी कापडात गुंडाळली आणि शटर ओढलं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं. जेमतेम दोन श्वास टिकलं असेल ते, पण वाटलं. मागून कुणीतरी म्हणालं, "वय झालं की मामांचं," आणि मी मान डोलावली.

त्यानंतर गॅरेज उघडेनासं झालं. मामा रस्त्यानं जात तेव्हा खिशात चुंबक नसे. तालमीपुढं नवीन स्टीलची बाकडी बसवली, मामा त्यांच्यावर बसले आणि न तपासता उठले. मग हत्यारं वाटायला लागले. ग्राइंडर तालमीच्या पोरांना दिलं. वस्तू आवळून धरायचा व्हाइस आजऱ्याला, जावयाला. मी रोज ठरवायचो, आज सांगू, आणि रोज कागलची बस पकडायचो.

अठराव्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले. काखेत पंच्यात गुंडाळलेला ठोकळा.

"ह्यो तुमास्नी," त्यांनी तो टेबलावर ठेवला. "बाकीच्यास्नी किंमत कळत न्हाय."

इतकी वर्षं जिच्याकडे बघून जळत होतो ती वस्तू माझ्या टेबलावर आली होती. तिच्यात ते बिट जिथल्या तिथे उभं होतं.

"मामा, असं काय करताय?" सुनंदा म्हणाली. "एकदा सरकलं म्हणून काय झालं?"

"एकदा न्हवं, ताई. ही गेली तवापास्नं हात कापतोय. पंच मारताना खूनच हलायची. म्हनून तर साहेबांकडनं पायरीचं बिट मागवलं. त्ये पयलं घर करतंय, मग हात कापला तरी निभतंय." ते माझ्याकडे वळले. "तुमी वळकलं असनार, खरेदीतलं मानूस. पन कुनाला बोलला न्हाईसा. ह्ये माज्या ध्यानात हाय."

मी ओळखलं नव्हतं. ओळखलं असतं तर गल्लीभर सांगितलं असतं, हेही मला त्याच क्षणी कळलं.

"पन आता त्या बिटावर बी जमलं न्हाय," मामा म्हणाले. "म्हंजे पार गेला."

"मामा," मी सुरुवात केली, "बिटांचं काय असतं, एखाद्या लॉटमध्ये कधी कधी कडकपणा कमी पडतो. म्हणजे पुरवठादाराकडून..."

मामा हळू आवाजात म्हणाले, "साहेब, घासायलाईसा. कापा."

"बिट मी जाळलं," मी म्हणालो. "तुम्ही आजऱ्याला होता तेव्हा. न विचारता घेतलं, टोक निळं पडलं ते पुसून काढलं आणि परत ठेवलं. तुमचा हात चुकला नाही."

मामांनी बिट काढलं, खिडकीपाशी नेलं, नखावर फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा.

"कशाला पायजे हुतं?"

"झाऱ्याच्या पट्टीला."

"जाडी?"

"दीड एमएम."

"उलट्या बाजूला काय हुतं?"

"टेबल. पण तिथवर गेलंच नाही, मामा."

"दीड एमएम!" मामा ओरडले. गॅरेजातलं मांजर पळालं असेल इतक्या मोठ्यानं. "आनि कोबाल्टचं बिट! खरेदीसाहेब, फुल सोडलं असनार मशीन! त्याल सोडलं न्हाई! वीस वरसं काय कागदच खरेदी केलासा व्हय?" मग आवाज एकदम खाली आला. "अठरा दिस मी ह्या हाताकडं बगत बसलोय. तिच्या पाटीवर ओरखडा आला, साहेब. लई वंगाळ केलंसा."

त्यांनी उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. तो कापत होता, थोडासा. त्यांनी तो उताणा केला, परत पालथा केला. हरवलेली वस्तू सापडल्यावर बघावी तसं बघत होते.

"म्हंजे ऱ्हायलाय की अजून," ते त्या हातालाच म्हणाले.

आत्तापर्यंत मी फक्त काय घडलं ते सांगितलं होतं, ऑफिसात तक्रारीचं पत्र लिहितो तसं. का केलं ते सांगितलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलो. घाई केली नाही, पण थांबलोही नाही.

"सगळे तुमच्या हाताचं कौतुक करायचे ते मला सोसत नव्हतं. तुमचा हेवा वाटायचा मला, मामा. हात गेला म्हणालात तेव्हा बरंसुद्धा वाटलं. चुकलं माझं. मला माफ करा."