पांढऱ्या क्षाराची भट्टी आणि करमाफीचा हुकूम

भूमातेचे स्मरण करोन, पाहिले तितुकेच लिहिले आहे. शके १९४४, शुभकृत नाम संवत्सरे, श्रावण मासी दरबारची आज्ञा जाहली की, जो कोणी विजेचा रथ घेईल त्यास करात सूट, मात्र रथाच्या बॅटरीतील खनिज गनिमाच्या मुलखातील नसावे. रयत संतोष पावली, आणि डोंगरपट्टीचे खाणकरी सुभानजी घोगरे यांची झोप उडाली. कारण खाण आपली, तीनशे घरे तिजवर जगत, परंतु खणलेला, बॅटरीस लागणारा पांढरा क्षार शुद्ध करावयास गनिमाच्याच भट्टीस जात असे. तैसी भट्टी राज्यात नव्हती. मग सुभानजी दरबारी गेले आणि माती आमचीच आहे म्हणोन अर्ज केला. कारकून अनंतपंत शांतपणे बोलिले, "माती कोठली ते असो. भाजली कोठे, ते सांगा."

मग रथ करणारांनी क्षार घेणे बंद केले, आणि सुभानजी तापट, त्यांनी आपली भट्टी बांधावयाचे मनावर घेतले. गनिमाकडील भट्टीवाल्याने निरोप धाडिला की वर्षभर आमच्या भट्टीतील तुमची पाळी राखतो. सुभानजींनी उलट टाकून बोलोन ती सोडिली आणि ती दुसऱ्यास गेली. हे मात्र त्यांचे चुकलेच. तीन वर्षे विटा वाहिल्या, आणि शके १९४७, भाद्रपदी भट्टी पेटली. या भट्टीची रीत ऐसी की, एकदा पेटली म्हणजे विझवू नये. थंडावली की विटा तडकतात. लोकांनी पेढे वाटिले. आणि आश्विनात दरबारचा स्वार आला की, सूटच बंद केली आहे.

मग खरेदीदार पुन्हा गनिमाच्या स्वस्त मालाकडे वळले. सुभानजी दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसरे दिवशी आगीवर देखरेख करणाऱ्या सगुणाबाईंस म्हणाले, विझवा. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"विझवते, मालक. पण उद्या हुकूम पुन्हा फिरला, तर तीन वर्षं परत कुठून आणायची?"

सुभानजींनी स्वहस्ते एक ओंडका आगीत टाकिला. भट्टी रिकामीच जळत राहिली, आणि सरपण संपले, मग कोठीची दारे गेली, मग खाणीचे छत तोलणारे लाकडी टेकू एकेक उपसोन आगीत घालू लागले.

एवंच, भट्टी शाबूत आहे, खाण बसत चालली आहे, आणि सुभानजी वेशीवर उभे राहोन स्वाराची वाट पाहतात.