टोपलीतलं वाकडं फळ

फळांतलं मला जेवढं कळतं, तेवढं आमच्या घरात, शेजारात आणि ऑफिसात मिळून कुणाला कळत नाही! हे मीच म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणत नाही. पण कलिंगडावर टिचकी मारून आतला रंग सांगणारा माणूस मी. तेव्हा बायकोच्या आत्याला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार आणि वाढदिवस सासऱ्यांच्या घरी होणार असं कळल्यावर मी छाती ठोकून जाहीर केलं, "केकबिक काही नको! फळांचं माझ्याकडे लागलं. भेटही फळांची, आणि वाटीतला गोड पदार्थही फळांचाच!"

"अहो, तुम्ही फक्त आणून द्या. करायचं माझ्यावर सोडा," बायको म्हणाली.

"अजिबात नाही!"

आदल्या दिवशी दुपारी आम्ही सासऱ्यांकडे पोचलो. त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी एका मावशींचं फळांचं दुकान आहे. तिथे तासभर उभं राहून मी टोपली भरून घेतली. किवी, रामबुतान, मँगोस्टीन, काळी द्राक्षं आणि मधोमध तीन ड्रॅगन फ्रूट. असली टोपली की बघणाऱ्याने चप्पल काढून नमस्कार करावा!

सासऱ्यांनी दार उघडलं. आम्ही त्यांना बाबाच म्हणतो. बाबा अत्यंत अबोल. आयुष्यभर हॉस्पिटलात एक्स-रे काढले, त्यामुळे चाळीस वर्षांत त्यांनी मुख्यतः दोनच वाक्यं उच्चारली. 'श्वास रोखा' आणि 'सोडा'. पण त्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "जावईबापू, गच्चीवर येता का? झाड दाखवतो."

गच्चीतल्या कुंडीत त्यांचं कसलंसं झाड होतं. दर रविवारी फोनवर ते त्याची बातमी सांगायचे, आणि मी फोन स्पीकरवर टाकून दाढी करायचो. मधून मधून 'वा वा' म्हणायचो. कसलं झाड, हे विचारायचं राहूनच गेलं होतं.

"बघू ना निवांत," मी म्हणालो आणि सोफ्यावर आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली बघतो तर काय! तिघांच्या शेजारी चौथं ड्रॅगन फ्रूट! आणि ते कसलं? मुठीएवढं, एका बाजूला कललेलं, अंगावर ओरखडे, जसं काही कुणाशी मारामारी करून आलंय.

"गंडवलं मावशीने!" मी ओरडलो. "खाली दडपून दिलं असणार. रात्रीतून वर आलं!"

"अहो, फळ वर कसं येईल?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

तज्ज्ञ माणसाने प्रत्येक शंकेला उत्तर देऊ नये. भेटीच्या टोपलीत असलं ध्यान नको, म्हणून ते उचललं, कापलं आणि वाटीच्या पदार्थात ढकललं. आतून लालभडक! माझी दहाही बोटं रंगली. साबणाने धुतली, लिंबाने घासली, तरी बोटं गुलाबी ती गुलाबीच. मग वर क्रीम, कंडेन्स्ड मिल्क, पाच चमचे साखर आणि व्हॅनिला. सगळं भांडं कसं गुलाबी गुलाबी झालं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! तरातरा दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर मावशींना झापलं.

"तोंडावर गोड बोलता आणि खाली सडकं दडपता?"

मावशी गोंधळल्या. "दादा, मी हाताने एकेक लावलं होतं. पण... चुकून गेलं असेल हो." बिचाऱ्यांना स्वतःच्याच हातांची शंका यायला लागली! त्यांनी दुकानातलं सगळ्यात मोठं, गोल गरगरीत ड्रॅगन फ्रूट माझ्या हातात ठेवलं. ते घेऊन मी विजयी मुद्रेने परतलो आणि टोपलीत मधोमध बसवलं. (मावशींची माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली. भरल्या दुकानात, मोठ्याने. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या हो." त्याने तर आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.)

संध्याकाळी आत्या आल्या. आधी वाट्या फिरल्या. आत्यांनी दोन संपवल्या. मी तीन. बाबांनी मात्र वाटी घेतलीच नाही. "माझं नंतर. आधी ताईला एक द्यायचंय."

आणि बाबा उभे राहिले! घसा खाकरला. बायको माझ्याकडे बघायला लागली, कारण बाबा कधी भाषण करतील असं तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

"ताई," बाबा म्हणाले, "तू जुनं घर सोडलंस तेव्हा तुझ्या ड्रॅगन फ्रूटची फांदी मला दिली होतीस. पहिलं फळ मलाच हवं, म्हणाली होतीस. तीन वर्षं गेली. एकच लागलं. पण लागलं! सकाळी गुपचूप टोपलीत ठेवलं, तुला चकित करायला. मीही चाखलेलं नाही. आधी तू."



बाबांनी न बघताच टोपलीत हात घातला. हातात आलं मावशींचं गरगरीत फळ. त्यांनी ते फिरवून पाहिलं. मग किवींच्या खाली पाहिलं, द्राक्षांच्या मागे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या बोटांकडे. मी हात खिशात घातले, पण एक्स-रेवाल्यापुढे खिसा काय कामाचा!

"अगंबाई, केवढं मोठं रे!" आत्या टाळ्या पिटत म्हणाल्या.

बाबांनी ते फळ आत्यांच्या हातात दिलं. मग हळूच म्हणाले, "हो. झालं मोठं."

जन्मात खोटं न बोललेला माणूस माझी लाज राखायला खोटं बोलला! मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. बोललो का? नाही. मी फरशीच्या फटी मोजत बसलो.

आत्यांनी सुरी मागवली. फळ कापलं. आतून पांढरंफेक!

"अरे, हे कसं? माझं तर आतून लाल होतं!"

बाबा पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मला ते सहन होईना.

"आत्या," मी म्हणालो, "लाल होतं ते तुमच्या वाटीत होतं."

आणि मग सगळं ओकलो. वाकडं फळ, दुकान, मावशी, सगळं.

"अहो, म्हणजे तुम्ही बाबांचं फळ कापलंत? आणि वर मावशींशी भांडून आलात?" बायकोचा आवाज असा, की त्यापेक्षा तिने ओरडावं.

आत्या मात्र पोट धरून हसायला लागल्या. "म्हणजे पहिलं फळ मीच खाल्लं की रे! दोन वाट्या!"

बाबा हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी विचारलं, "ताई, कसं लागलं?"

आत्यांचं हसू थांबलं. त्यांनी आठवून पाहिलं. "खरं सांगू? मला नुसती व्हॅनिलाच लागली रे."

बाबांनी भांड्यात डोकावलं. भांडं लख्ख होतं. शेवटचं मीच बोटाने पुसलं होतं. मग ते माझ्याकडे वळले. रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचे डोळे आशेने नुसते चमकत होते.

"जावईबापू, कापताना तुम्ही एखादी फोड नुसतीच चाखली असेल ना? गोड होतं?"

"मधासारखं, बाबा!" मी म्हणालो. "अगदी मधासारखं!"

बाबांचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! त्यांनी झाडाची वही आणली, तारीख घातली आणि पुढे लिहिलं, 'चव मधासारखी.' खाली माझी सही घेतली.

मी चाखलं नव्हतं हो. असलं वाकडं फळ कोण चाखतं!