सात शाळांची एकुलती एक

कोणताही समाज किती सुधारला, हे त्याने दिव्यांग मुलांच्या शिक्षणासाठी किती कायदे केले यावरून ठरतं. आमच्याकडे तीन झाले. मी विभागीय शिक्षण कार्यालयात मुख्य लिपिक आहे आणि तिन्ही कायद्यांच्या फायली माझ्याच कपाटात आहेत, तेव्हा हा इतिहास सांगायचा अधिकार माझ्याइतका कुणाला नाही.

पहिल्या कायद्याआधी अशी मुलं नुसतीच घरी बसत. पहिल्या कायद्याने त्यांना घरी बसण्याचा दाखला दिला. (दर कायद्यागणिक या मुलांचं सरकारी नावही बदललं. आधीची दोन नावं उच्चारायला आता बंदी आहे, त्यामुळे इथे देता येत नाहीत.) दुसऱ्या कायद्याने प्रत्येक शाळेला रॅम्प सक्तीचा केला. आमच्या सातही शाळांनी तो वर्षाच्या आत बांधला आणि मुख्याध्यापकांच्या स्कूटर व्हरांड्यात सावलीला लागू लागल्या. उतार सौम्य असल्याबद्दल दोघांनी लेखी समाधान कळवलं आहे.

तिसरा कायदा मात्र आडमुठा निघाला. म्हणे, नुसता रॅम्प चालणार नाही, वर्गात मूलही पाहिजे!

आम्ही हातपाय गाळले नाहीत. पाहणी केली, त्रेचाळीस मुलं सापडली. छाननीत बेचाळीस गळाली: एकोणीस जणांना मदतनीस लागला असता, अकरा जणांना वेगळी पुस्तकं, आणि बारा जणांचे पालक प्रश्न विचारत होते. उरली एक मुलगी. चुणचुणीत, फोटोत छान दिसणारी, आणि मुख्य म्हणजे तिची चाकाची खुर्ची घडीची, रिक्षात मावणारी. (तिची आईही प्रश्न विचारते, पण हे कळेपर्यंत फोटो काढून झाले होते.) कार्यालयात तिला सगळे बाईसाहेब म्हणतात, कारण ती नेहमी गाडीने येते.

पद्धत सोपी आहे. ज्या शाळेची तपासणी, त्या दिवशी बाईसाहेब त्या शाळेत. सात शाळांचे सात टाय आम्ही तिला दिले आहेत. नाव मात्र कुठल्याच पटावर नाही. एका शाळेत घातलं तर उरलेल्या सहांवर अन्याय होईल, आणि समान न्याय हा तर तिन्ही कायद्यांचा आत्मा आहे.

तपासणीला नेहमी पुस्तकातला पहिलाच धडा शिकवतात, जलचक्र. चार वर्षांत बाईसाहेबांनी तो एकतीस वेळा ऐकला. मागे एकदा सर ढगापाशी अडखळले, तर तिने हळूच सांगितलं, "सर, आता वाफ थंड होते." गुणवत्ता वाढते ती अशी.

तिची आई शहर बसमध्ये कंडक्टर आहे, त्यामुळे आवाज मोठा. परवा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "साहेब, माझ्या बसमध्ये चढलेला माणूस कुठेतरी उतरतो तरी. माझी पोर तुमच्या सात गाड्यांत चढते, पोचत कुठेच नाही. एका शाळेत तिचं नाव घाला. कुठल्याही घाला!"

"ताई," मी शांतपणे म्हणालो, "इतर मुलांना एकच शाळा मिळते."

"मग आम्हालाही एकच द्या की!"

आता कृतघ्नपणाला काय औषध असतं?

गेल्या आठवड्यात वरून साहेब आले. धडा उत्तम झाला. जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "बाळ, तुला शाळेकडून काय हवं?" हा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेत नव्हता.

बाईसाहेबांनी टाय सरळ केला आणि ती म्हणाली, "दुसरा धडा."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. खरं सांगायचं तर मला तेव्हा लाज वाटली, पण ती नोंदवायला रकाना नाही.

साहेब हळवे झाले. तिथल्या तिथे आदेश निघाला: यापुढे चार वर्षं तपासणीला दुसरा धडा शिकवावा. पुस्तकात सोळा धडे आहेत. दर चार वर्षांनी एक, म्हणजे आज नऊ वर्षांच्या असलेल्या बाईसाहेब वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी तिसरीचं पुस्तक पूर्ण करतील. दिरंगाईचा आरोप करणाऱ्यांनी हा हिशोब जरूर पाहावा.

तुम्ही चिडला असाल. चिडावं, तब्येतीला बरं असतं. फक्त तुमच्या मुलाच्या शाळेचं माहितीपत्रक एकदा काढा. पहिल्या पानावर चाकाच्या खुर्चीतली एक हसरी मुलगी आहे, बघा. प्रवेश घेताना तिच्याकडे पाहूनच तुम्ही म्हणाला होतात, "वा, सगळ्यांना सामावून घेणारी शाळा दिसते!" त्यानंतर पालकसभांना तुम्ही कितीदा तरी गेलात. ती कुठल्या वर्गात बसते, असं विचारणारा एकाही पालकाचा अर्ज माझ्या कपाटात नाही. मी दोनदा शोधलं.