टीगच्या तळघरातला तपास

पत्रकावर शेजारच्या टीगच्या घराचं साल १८६९ छापलं होतं आणि आमच्या घराचं १८७४. तेवढं वाचलं आणि मी ठरवलं, तपास करायचा. (चौतीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला निवृत्त करता येतं, गप्प नाही.)

नाताळात आमच्या गावातली जुनी घरं लोकांना दाखवतात. अकरा वर्षं वाट पाहून यंदा आमचा नंबर लागला होता. व्हर्ना, माझी बायको, तीन दिवस जिना पुसत होती.

"घोळ घातलास तर बघ," ती म्हणाली.

"टीगच्या घरातली जमीन बघितलीस? सपाट! एवढ्या जुन्या घरात गोटी घरंगळली पाहिजे, आपल्यासारखी. ते घर रेल्वेने आलंय!"

शंभर वर्षांपूर्वी कंपन्या टपालाने मागणी घेऊन अख्खी घरं विकत. कापलेली लाकडं रेल्वेच्या डब्यातून यायची, प्रत्येकावर नंबराचा शिक्का. तो सापडला की टीग संपला.

बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून मी पाहुण्यांबरोबर त्याच्या घरात शिरलो आणि गुपचूप तळघरात उतरलो. बॉयलरखाली उताणा पडून विजेरी मारतोय, तोच शेजारी दोन पाय दिसले.

"काय शोधतोयस रे?" टीग.

"सत्य!"

"मग बाहेर ये. या तुळया माझ्या पणजोबाने कुऱ्हाडीने तासल्यात. हात लावून बघ."

लावला. कुऱ्हाडीचेच घाव. (वासही घेतला. जुनाच होता.)

"आता तुझं तळघर दाखव."

"खुशाल!" मी गरजलो.

हाही कार्यक्रमच असेल असं समजून वीसएक पाहुणे बर्फातून आमच्या मागे आले. तळघरात मी त्यांना शिक्क्यांचं शास्त्र समजावून सांगितलं. एक चष्मेवाल्या बाई मुरांब्याच्या बरण्यांमागे वाकून म्हणाल्या, "म्हणजे हे असले का?"

तुळईवर सी ४१७. शेजारच्या तुळईवर सी ४०९. निळे, ठळक.

"तुळया उलटसुलट बसवल्यात," टीग म्हणाला. "म्हणून गोटी घरंगळते तुझी."

"मग १८७४ कुणी सांगितलं?" कुणीतरी विचारलं.

"यांच्याच जुन्या बातमीत होतं," जिन्यावरून व्हर्ना म्हणाली.

तिसऱ्या दिवशी घरं दाखवणाऱ्या समितीचं पत्र आलं. टपालाने आलेलं असं घर जिल्ह्यात दुसरं नाही, ते दरवर्षी दाखवावं अशी विनंती होती. अट एकच: त्या दिवशी यजमानांनी गावाबाहेर राहावं.

खाली मान्यतेची सही व्हर्नाने आधीच केली होती. आणि माझी बॅग भरलेली होती.