देवराव दादांचा बिनवायरीचा फोन

आमचे शेजारी देवराव दादा फोन कानाला लावून मळ्यातल्या वांग्यात उभे राहतात, पण बोलत कोणाशीच नाहीत. "शांते, दाब," एवढंच ओरडतात. मग मी भाकर तव्यावर टाकून त्यांच्या घरात पळायचं आणि फोन ठेवायच्या बैठकीवरचं बटण दाबायचं. दाबलं की दादांच्या हातातला फोन वाजला पाहिजे. वाजत नाही. माझी भाकर तेवढी करपते.

दादांच्या बायकोला, सुमनवैनीला लकवा झाल्यापासून हे चाललंय. वाचा गेली, उजवा हात गेला. मोबाइलवर बोट फिरवणं जमत नाही. एक बटण तेवढं दाबता येतं. म्हणून हा बिनवायरीचा फोन. बैठक वैनीच्या खाटेशी हवी आणि दादा मळ्याच्या टोकाला असले तरी फोन वाजायला हवा. बैठक कोठीवर ठेवून झाली, शेवटी देव्हाऱ्यात बसवली. "देवापासून तरी पोचन," म्हणे. पोचलं, पण वैनीचा हात देव्हाऱ्यापर्यंत कसा पोचणार? कपाळ माझं. बैठक पुन्हा खाटेशी आली.

खाटेशेजारी, मळ्याकडच्या भिंतीला वैनीची मांडणी आहे. पितळी गुंड, स्टीलचे डबे, भिंतभर ताटं. दुकानदारानं सांगितलं होतं, धातूनं फोनची रेंज अडते.

"भांडे काढा ना मंग," मी म्हटलं.

"तिच्या हातची मांडणी हाये. तिच्या डोयादेखत कशी मोडू?"

"मांडणी मोठी का वैनी मोठी?" मी चिडलेच.

परवा धाडकन आवाज आला. धावले, तर वैनी खाटेखाली पडलेली, बैठक छातीशी धरून बटण दाबतेय, दाबतेय. दादा मळ्यात मेथी खुडत होते, फोन खिशात मुका. मी बांधावरून बोंबलले तेव्हा आले. आम्ही दोघांनी मिळून तिला उचललं.

खाटेवर टेकताच वैनीनं डावा हात मांडणीकडे केला आणि खाली आणला. पुन्हा वर, पुन्हा खाली. दादांना कळत होतं, पण ते हलेनात. तिनं डोळे वटारले. मग त्यांनी एकेक भांडं उतरवलं, पुसलं, तिला दाखवलं आणि माझ्याकडे दिलं.

दादा वांग्यात जाऊन उभे राहिले. वैनीनं बटण दाबलं आणि फोन वाजला. मला रडूच आलं.

आता दिवसभर वाजतो. दादा हातातलं टाकून पळत येतात, वैनीला काही नको असतं, ती अर्ध्या तोंडानं हसते.

"दादा, काम नसताना बलावते वैनी. कायले पळता?"

"लकवा झाल्यापासून तिनं मले हाक मारली नोती, शांते," दादा म्हणाले. "मारू दे."