माता गट क्रमांक तीनमधला सिद्धू

सोनियाच्या मोबाईलवर निरोप आला तेव्हा ती कडेगावच्या पतसंस्थेत कामाला निघायच्या गडबडीत होती. 'माता गट क्रमांक तीन. जूनमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या मातांनी आज चार वाजता समाजमंदिरात जमावे.'

"चारला मी काउंटरवर असणार," ती म्हणाली. "आता कसं करायचं?"

"मी जातो की," तिचा नवरा सिद्धू म्हणाला.

(पुढचं सगळं रामायण या तीन शब्दांचं.)

सिद्धू वायरमन. पहाटेची ड्युटी करून नुकताच घरी आलेला, दुपारी मोकळा. चुलीपाशी बसलेल्या त्याच्या आईनं, सुलाबाईनं, मान वर केली. "आरं, तितं समद्या बायका असत्यात."

"मग? मी काय लांडगा हाय?"

सुलाबाईचं उभं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. तिनं सिद्धूकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि लांडगा नाही याची खात्री करून पुन्हा भाकरी थापायला घेतली.

सिद्धूला हौस होती म्हणून तो निघाला नव्हता. त्याला पहिलीत घातलं तेव्हा गुरुजींनी नाव विचारलं आणि याच्या तोंडून शब्द फुटला नाही. वर्ग हसला. हा खिडकीतून उडी टाकून जो पळाला तो थेट माळावर मेंढरांत जाऊन बसला. आता विजेच्या खांबावर न भिता चढणारा सिद्धू शाळेच्या फाटकातून जाताना अजून घसा खाकरतो. आपल्या पोराचं, मल्हारचं, तसं व्हायला नको होतं.

समाजमंदिरात अकरा बायका होत्या. तो आत शिरला आणि बोलणं बंद पडलं. दोघींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. एकीला वाटलं लाइटचं बिल थकलंय.

"फ्यूज गेलाय का?" बैठक घेणाऱ्या अंकिता मॅडमनी विचारलं.

"न्हाई. मल्हारचा बाप हाय मी. बैठकीला आलोय."

"अहो, ही मातांची बैठक आहे. आईला पाठवा ना."

"आई कामावर हाय, बाप मोकळा हाय. काय शिकवायचं त्ये सांगा. न्हाई जमलं तर हाकला." आणि तो सतरंजीवर मांडी घालून बसला. उठवायचं कसं हे मॅडमना सुचेना, म्हणून त्यांनी त्यालाही कागद दिला.

पहिल्या आठवड्याचा धडा होता वर्गीकरण. एक मूठ कडधान्य मिसळावं आणि मुलाकडून वेगळं करून घ्यावं. सिद्धूला एक मूठ म्हणजे पोराचा अपमान वाटला. त्यानं तूर, मटकी, हुलगा, मूग, वाटाणा, चवळी असे सहाच्या सहा डबे घोंगडीवर पालथे केले आणि दोन्ही हातांनी कालवले. मल्हारनं नऊ दाणे वेगळे केले, "पप्पा, झालं," म्हणाला आणि करडाशी खेळायला पळाला.

संध्याकाळी सोनिया दारातच थबकली. सिद्धू आणि सुलाबाई ढिगाच्या दोन बाजूंना वाकून बसले होते, आणि कोंबड्या तिसऱ्या बाजूनं त्यांना मदत करत होत्या.

"ह्ये काय?"

"वर्गीकरण," सिद्धू ताठ मानेनं म्हणाला.

"आवं, कागदावर एक मूठ लिवलंय!"

"कुणाची मूठ त्ये कुठं लिवलंय?"

पुढचे आठ दिवस घरात एकच आमटी शिजली. तिला नाव नव्हतं. पण सिद्धूनं हार मानली नाही. बटणं लावायला शिकवताना मल्हार आधी काढायला शिकला आणि दोन दिवस गावभर उघडाच फिरला, तरी सिद्धू चारही बैठकांना वेळेवर हजर. शेवटचा धडा होता धीटपणानं बोलणं. सिद्धूनं पोराला समोर उभं केलं. "कुणीबी इचारू दे, भ्यायचं न्हाई. खरं हाय त्ये मोठ्यानं सांगायचं."

मुलांची शाळेसाठीची तयारी बघायच्या मेळाव्याला केंद्रप्रमुख साहेब आले. त्यांनी मल्हारला जवळ घेतलं. "बाळ, बाबा काय करतात?"

"डबं पालथं करत्यात!" मल्हार खणखणीत आवाजात म्हणाला.

"आणि आई?"

"निवडती आन बडबडती!"

मंडप हसला. सिद्धूचे कान लाल झाले. पण पोराला समोरच्या टेबलावर कडधान्याची वाटी दिली, तसं त्यानं सहा ढीग पाडले, वर दोन खडे काढून साहेबांच्या हातावर ठेवले. टाळ्या पडल्या. सिद्धूची छाती पुन्हा फुगली.

मग गाडी अडली. "प्रगतिपत्रावर 'आई उपस्थित' असं छापलंय," मॅडम हळूच म्हणाल्या. "सोनियाताई आल्या होत्या असं टाकते."

"खोटं कशाला? बाप आलाय, बाप लिवा."

"तसा रकाना नाही हो."

"मग पाडा की! त्याबिगर मी इथनं हलत न्हाई." आणि तो टेबलासमोर मांडी घालून बसला. मागं रांग थांबली. आता बायका आपल्याला ओरडणार, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात साळूबाई पुढं झाली. नातवासाठी प्रत्येक बैठकीला येणारी ती म्हातारी. "आवं मॅडम, लिवा की! चार बैठका आमच्या मांडीला मांडी लावून बसलाय त्यो. माझ्या सुनेनंबी दोन चुकवल्या."

"लिवा, लिवा!" सगळ्या ओरडल्या. साहेबांनी लाल पेन काढलं, प्रगतिपत्रावरच्या 'आई'वर काट मारली आणि वर लिहिलं: 'वडील'.

ते पत्र सिद्धूनं गावात इतक्यांना दाखवलं की त्याची घडी फाटली.

शाळेचा पहिला दिवस. मल्हारनं बटणं स्वतः लावलेली, सगळी, एक घर चुकवून. फाटकाशी सिद्धूनं घसा खाकरला नाही. दारात पहिलीच्या नवीन बाई गुलाबाचं फूल घेऊन उभ्या. त्यांनी नाव विचारलं, पोरानं आडनावासकट ठणकावून सांगितलं. सिद्धूचे डोळे भरून आले.

"अरे वा! एवढी तयारी कुणी करून घेतली?"

"माता गटानं!"

"हो का? मग आई कुठंय तुझी?"

मल्हार जराही भ्याला नाही. त्यानं वळून सिद्धूकडं बोट दाखवलं आणि मोठ्यानं सांगितलं,

"ही काय, मिश्यावाली!"